तलावाकाठची न वाचलेली पाटी

गृहसंकुलातल्या स्विमिंग पुलाशेजारी एक पाटी असते. निळ्या अक्षरांतली, बहुधा शुद्धलेखनाच्या दोन-तीन चुकांसकट. पोहण्यापूर्वी शॉवर घ्यावा. केसांना तेल लावून पाण्यात उतरू नये. सुती कपडे चालणार नाहीत. सूर मारू नये. लहान मुलांना एकटे सोडू नये. खाली ‘हुकमावरून, मॅनेजिंग कमिटी’. ही पाटी सहसा कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तर कमिटीला दुसरा उद्योग नसल्याचा पुरावा म्हणून वाचतो. खरं तर रसायन, भौतिकी आणि माणसाचं शरीर यांच्याबद्दल इतक्या कमी ओळींत इतकं काही सांगणारी पाटी आख्ख्या सोसायटीत दुसरी नसेल. फक्त तिच्यात कारणं नसतात, नुसते हुकूम असतात.

कारणांकडे जाण्याआधी पाण्याचा हिशेब. मध्यम आकाराचा तलाव धरू: बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. पाणी झालं ८६,४०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. नदीत पोहणाऱ्याने धुतलेलं पाणी पुढे निघून जातं. मळ्यातल्या विहिरीचं पाणी शेताला उपसलं जातं आणि झऱ्यांतून नवं येतं. सोसायटीच्या तलावात यातलं काहीच होत नाही. सकाळच्या बॅचमधल्या आजोबांपासून संध्याकाळच्या बालगोपाळांपर्यंत सगळे जण महिनोन्‌महिने त्याच पाण्यात उतरतात. तलावाची देखभाल म्हणजे या अडकून पडलेल्या पाण्याला वाहत्या पाण्यासारखं वागायला लावणं, आणि ते वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

सुरुवात वासापासून करू. तलावाजवळ गेल्या गेल्या नाकात जो उग्र, डोळे चुरचुरवणारा वास शिरतो, त्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणतो आणि पाणी अगदी निर्जंतुक असणार असं समजून निर्धास्त होतो. तो वास क्लोरीनचा नसतोच. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या स्वच्छ तलावाला जवळजवळ वास येत नाही. घाम, लघवी, त्वचेवरचा मळ यांतली नत्रयुक्त द्रव्यं क्लोरीनला येऊन मिळाली की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यांतलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार वेळ टिकत नाही, उडून हवेत येतं आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी रेंगाळतं, म्हणजे नेमकं पोहणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर. डोळे लाल होतात ते त्यामुळे. वास जितका जास्त, तितका कामाचा क्लोरीन खर्ची पडलेला आणि जंतूंशी लढायला उरलेला कमी. गंमत अशी, की यावरचा उपाय म्हणजे आणखी क्लोरीन. तोही थोडाथोडका नव्हे. बांधल्या गेलेल्या क्लोरीनच्या साधारण दहापट मात्रा एका दमात द्यावी लागते, तेव्हा कुठे ती संयुगं फुटून नत्र हवेत निघून जातो. ऑपरेटर याला ‘शॉक देणं’ म्हणतात. कमी मात्रेत हा प्रयोग केला तर उलट क्लोरामाइन वाढतात, आणि कमिटीकडे वासाच्या तक्रारी दुप्पट येतात.

लघवीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकू. २०१७ मध्ये कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी तलावांत लघवी किती असते हे मोजण्याची एक विलक्षण युक्ती शोधली. ॲसेसल्फेम पोटॅशियम हे कृत्रिम गोडीचं द्रव्य डाएट पेयांपासून पाकीटबंद खाद्यपदार्थांपर्यंत अनेक ठिकाणी वापरतात. ते शरीरात पचत नाही, तसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं, आणि तलावाच्या पाण्यातही टिकून राहतं. तेव्हा पाण्यात ते द्रव्य शोधायचं आणि मागे जात हिशेब करायचा. त्यांनी दोन शहरांतले ३१ तलाव आणि हॉट टब तपासले. एकूण एक नमुन्यांत ते सापडलं. साधारण ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात ७५ लिटर लघवी असावी असा अंदाज निघाला. प्रमाण म्हणून पाहिलं तर हे दहा हजारात एक भागसुद्धा नाही. पण क्लोरीनला गुंतवून ठेवायला तेवढं पुरतं. ‘पोहण्यापूर्वी शॉवर घ्यावा’ या ओळीचं मूळ इथे आहे. एक मिनिटाचा शॉवर अंगावरचा बराचसा घाम, मळ आणि क्रीम काढून टाकतो आणि तितका क्लोरीन वाचवतो. शॉवरखाली नुसता हात धरून पुढे जाणारे सभासद त्या ट्रायक्लोरामाइनचे सहनिर्माते असतात.

पण क्लोरीन आहे म्हणजे तो काम करतोय, असंही नाही. इथून पुढे मला खरं नवल वाटतं. क्लोरीन पाण्यात गेला की त्याची दोन रूपं होतात: हायपोक्लोरस ॲसिड आणि हायपोक्लोराइट. पहिलं रूप विद्युतभाररहित. जंतूंच्या पेशींची बाहेरची बाजू ऋणभारित असते, तिला चुकवून हे सहज आत शिरतं. दुसरं रूप स्वतःच ऋणभारित, त्यामुळे दारातच अडतं. जंतू मारण्यात ते पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. आणि कोणतं रूप किती असणार हे ठरतं केवळ पाण्याच्या पीएचवर. पीएच ७.२ असेल तर दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात. ७.५ ला निम्मा. ८ ला जेमतेम पाव. ८.५ ला दहावा हिस्सा. म्हणजे रजिस्टरमध्ये क्लोरीनचा आकडा रोज अगदी बरोबर लिहिलेला असू शकतो आणि तरी पाणी जवळजवळ निःशस्त्र असू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत क्लोरीनच्या तलावासाठी पीएच ७.२ ते ७.८ सांगितलेला आहे. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. क्लोरीनला जे पाणी मानवतं तेच डोळ्यांनाही मानवतं, हा योगायोग तलाव बांधणाऱ्यांच्या पथ्यावर पडला आहे.

आणि हे हायपोक्लोरस ॲसिड आपल्याला परकं नाहीच. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर त्याला मारण्यासाठी नेमकं हेच रसायन स्वतः तयार करतात. ते तयार करणाऱ्या एन्झाइमचा रंग हिरवट असतो. पू हिरवट दिसतो त्याचं एक कारण ते. सोसायटीचा ऑपरेटर सकाळी बादलीत हायपो, म्हणजे हायपोक्लोराइट, कालवून तलावात सोडतो, तेव्हा तो आपल्या रक्तात सतत चाललेलं काम मोठ्या प्रमाणावर करत असतो.

उन्हाचाही यात हात आहे. अतिनील किरण क्लोरीनचा फडशा पाडतात. उघड्यावरच्या तलावातला निम्मा क्लोरीन भर उन्हात तासाभराच्या आत नाहीसा होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून सायन्युरिक ॲसिड वापरतात, बाजारात त्याला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं, त्यामुळे ऊन त्याला तोडू शकत नाही. पण पकड घट्ट झाली की क्लोरीन जंतूंनाही मिळेनासा होतो. टीसीसीए या नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या वड्यांत क्लोरीनबरोबर हे ॲसिड आधीच असतं. क्लोरीन रोज खर्च होतो, हे ॲसिड मात्र उडत नाही, मुरत नाही, साचत जातं. वर्षभर फक्त वड्यांवर चालवलेल्या तलावात एक दिवस असा येतो, की कितीही वड्या टाका, पाणी हिरवंच. मग थोडं पाणी काढून नवं भरणं एवढाच मार्ग उरतो, आणि नेमका तो दिवस टँकरचे भाव चढलेल्या मे महिन्यात उगवतो.

हे सगळं तपासायचं कसं? ग्रामपंचायतीच्या पाण्याची ‘ओटी टेस्ट’ खेड्यात वाढलेल्यांना आठवत असेल. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी पुरतो. तलावात १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. ओटी चाचणीची मर्यादा ही, की ती मोकळा क्लोरीन आणि क्लोरामाइनमध्ये अडकलेला क्लोरीन यांत नीट भेद करत नाही. म्हणून तलावासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी वापरतात. तीही एका बाबतीत दगा देते. क्लोरीन फारच जास्त झाला, समजा शॉक दिल्यानंतर, तर तो त्या गुलाबी रंगालाच ब्लीच करून टाकतो. नळीतलं पाणी स्वच्छ, रंगहीन दिसतं, नवखा माणूस ‘क्लोरीन शून्य’ असं लिहितो आणि आणखी हायपो ओततो. अनुभवी ऑपरेटर नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा तपासतो.

पोहण्याच्या तलावांच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ३३२८ हे मानक आहे. तलावाच्या रजिस्टरवर सही करणाऱ्या मंडळींपैकी कितींनी त्याचं नाव ऐकलं असेल, यावर मी पैज लावणार नाही.

आता फिल्टर. तलावाचं सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला लागणारा वेळ म्हणजे टर्नओव्हर. आपल्या तलावात तो सहा तास ठेवायचा तर पंपाने ताशी १४,४०० लिटर ओढायला हवेत. सहा तासांनी सगळं पाणी गाळून झालं, असं आपलं साधं गणित म्हणतं. ते चुकीचं आहे, कारण गाळलेलं पाणी वेगळ्या भांड्यात जात नाही, त्याच तलावात परत पडतं. खारट झालेल्या आमटीतून एकेक डाव काढून त्याच्या जागी साधं पाणी घालत बसल्यावर जे होतं तेच इथे होतं: पुढच्या प्रत्येक डावात नुकतंच घातलेलं पाणीही येऊ लागतं. एका टर्नओव्हरनंतर ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोननंतर ८६, तीननंतर ९५, चारनंतर ९८. शंभर कधीच होत नाही. तलावाच्या जगात याला गेज आणि बिडवेल यांचा नियम म्हणतात. वीज वाचवायला मोटार दिवसातून आठच तास चालवली, तर त्या दिवशी पाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा फिल्टरचं तोंडही बघत नाही.

वाळूच्या फिल्टरचीही एक तऱ्हा आहे. नवी, लख्ख धुतलेली वाळू वाईट गाळते. थोडी मळली, दाण्यांमधल्या फटी अरुंद झाल्या, की तिला सूर सापडतो. म्हणून ‘रोज बॅकवॉश करा’, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा, असा आग्रह धरणाऱ्या उत्साही सेक्रेटरींना कुणीतरी आवरायला हवं. प्रेशर गेजचा काटा स्वच्छ स्थितीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वर गेला की बॅकवॉश करायचा, त्याआधी नाही. प्रत्येक बॅकवॉशमध्ये शेकडो लिटर पाणी गटारात जातं ते वेगळंच. खोबरेल तेलाशी मात्र वाळूचं जमत नाही. तेलाने दाणे चिकटून गोळे होतात आणि पाणी त्यांना वळसा घालून न गाळताच निघून जातं. चंपीनंतर थेट तलावात उतरू नका, ही ओळ त्यासाठी. सुती कपड्यांचे तंतूही असेच जाऊन अडकतात, शिवाय सुती कापड दिवसभराचा घाम पाण्यात आणतं आणि क्लोरीन शोषून घेतं. हे कळल्यावर नायलॉनचा कॉस्च्यूम सक्तीचा करण्यात कमिटीचा काही आकस नाही एवढं तरी पटावं.

एक जीव मात्र क्लोरीन आणि वाळू दोघांनाही हसतो. क्रिप्टोस्पोरिडियम. जुलाब घडवणारा हा परजीवी कडक कवचात राहतो. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात ई. कोलाय हा जंतू मिनिटभरातच मरतो, हिपॅटायटिस अ चा विषाणू सुमारे सोळा मिनिटांत, जिआर्डिया पाऊण तासात. क्रिप्टो दहा दिवसांहून जास्त तग धरतो. आकार चार ते सहा मायक्रॉन, त्यामुळे वाळूच्या फटींतूनही आरामात पार होतो. त्याला पकडायला जे वापरतात ते आपल्या आजीच्या माठाशेजारी असायचं: तुरटी. पाण्यात तिचे चिकट पुंजके बनतात, सूक्ष्म कण त्यांना चिकटतात, आणि तो मोठा झालेला पुंजका वाळूत अडकतो. तरीही खरा उपाय माणसाच्याच हातात आहे. जुलाब झालेल्याने पाण्यात उतरायचं नाही. निदान क्रिप्टोचं झालं असेल तर बरं वाटल्यावरही दोन आठवडे थांबायचं, कारण तोवर शरीरातून कवचं बाहेर पडत राहतात.

रसायनांच्या खोलीबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपो शेजारी-शेजारी ठेवायचे नाहीत, आणि एकाची बादली दुसऱ्याला वापरायची नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, तोच वायू जो २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला गेला होता. वड्यांचा क्लोरीन आणि पावडरीचा क्लोरीन हेसुद्धा एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात. कुलूप, हवेशीर खोली, आणि नेहमी पाण्यात रसायन घालणं. रसायनावर पाणी ओतणं कधीच नाही.

इथवर पाण्याचं झालं. पाटीच्या उरलेल्या ओळी माणसाबद्दल आहेत.

काठावर ‘खोली ४ फूट’ असं लिहिलेलं असतं, कारण डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून सरळ खाली पाहिलं तर तलाव खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशच दिसतो. चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं. दूरच्या काठावरून तिरकं पाहिलं तर आणखीच उथळ. आईबापांच्या डोळ्यांना जे पाणी पोराच्या छातीपर्यंत येईल असं वाटतं, ते त्याच्या नाकातोंडावरून गेलेलं असतं. आणि त्याच चार फुटांत मोठ्या माणसाने सूर मारला तर डोकं तळावर आदळून मानेचा मणका जायला ती खोली पुरेशी कमी असते. एकच पाणी एकाला फार खोल आणि दुसऱ्याला फार उथळ.

बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ ओरडतो, हे सिनेमाने शिकवलेलं आहे. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं. ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड पाण्यावर येतं तो क्षण श्वास घेण्यातच संपतो. हात हलवता येत नाहीत, कारण ते आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. शरीर उभं राहतं, पाय मारले जात नाहीत. हे सारं वीस ते साठ सेकंद चालतं, आणि जवळजवळ आवाज होत नाही. काठावर मोबाइल पाहत बसलेला बाप अक्षरशः दहा फुटांवर असू शकतो. ‘लक्ष ठेवा’ म्हणजे कान ठेवा नव्हे, नजर ठेवा.

याच कारणाने पाणी गढूळ असेल तर तलाव बंद ठेवायचा असतो. खोल टोकाची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही.

लहान मुलाला पाण्यापासून दूर ठेवायची सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे कुंपण, आणि या बाबतीत ऑस्ट्रेलियाइतकं बारकाईने कुणी लिहिलं नसेल. न्यू साउथ वेल्समधला स्विमिंग पूल्स कायदा १९९२ चा. सिडनीत मागच्या अंगणात तलाव असलेलं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना तो तोंडपाठ असतो, कारण तलावाचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय तिथे घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. ३०० मिलिमीटरहून खोल पाणी धरणारी, पोहण्या-डुंबण्यासाठी असलेली कोणतीही गोष्ट तलाव मानली जाते. हवा भरून फुगवायचा तलावही त्यात आला. कुंपण किमान १.२ मीटर उंच. गजांमधली फट १०० मिलिमीटरहून जास्त नाही. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला खुर्ची, कुंडी, झाडाची फांदी असं चढायला आधार देणारं काही नको. दार आपोआप बंद होणारं, आपोआप कडी लागणारं, आणि तलावाच्या विरुद्ध दिशेला उघडणारं. हा शेवटचा तपशील मला फार आवडतो. मुलाने दाराला धक्का दिला तरी दार उघडण्याऐवजी आणखी घट्ट बंद होतं. फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने खाजगी तलावांना कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. आपल्याकडे कितीतरी संकुलांत तलाव आणि खेळाचं मैदान यांच्यामध्ये फक्त एक शोभेची झाडांची रांग असते. ब्रोशरमध्ये फोटो छान येतो.

चांगल्या पोहणाऱ्यालाही एक धोका आहे, आणि तो शरीराच्या आतल्या एका विचित्र रचनेतून येतो. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज लावलेली पोरं आधी भराभरा दीर्घ श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र खूप खाली जातो. मग पाण्याखाली तो धोक्याच्या रेषेपर्यंत चढायच्या आत मेंदूचा ऑक्सिजन संपतो. घुसमट होत नाही, घाबरं वाटत नाही, दिवा मालवावा तशी शुद्ध जाते. म्हणून पाण्याखाली श्वास रोखण्याच्या स्पर्धांना बंदी.

पंप जिथून पाणी ओढतो ती तळाची जाळी तुटली असेल तर त्या दिवशी तलाव बंद. ही अट ऐकून लोक हसतात. जाळीखालचं तोंड २० सेंटीमीटर व्यासाचं आहे आणि पंपाने तिथे अर्ध्या वातावरणाइतका दाब कमी केला आहे असं धरा. कुणाचं अंग त्यावर चिकटलं आणि तोंड पूर्ण झाकलं गेलं, तर त्याला धरून ठेवणारं बल सुमारे १६० किलो वजनाइतकं होतं. कुठल्याही आईला एवढ्या जोराने ओढता येणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाशी अशीच अडकली आणि दगावली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावाचा कायदा डिसेंबर २००७ मध्ये झाला: फुगीर जाळ्या, ज्या अंगाने पूर्ण झाकता येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त तोंडं, म्हणजे एक झाकलं तरी पंप दुसरीकडून पाणी ओढतो आणि पकड सुटते. पाण्याखालच्या दिव्यांना १२ व्होल्टचीच वीज असावी, हा दंडकही त्याच धाटणीचा. माणूस चूक करणार आणि यंत्र बिघडणार हे गृहीत धरून आखलेला.

उंच इमारतींच्या गच्चीवरचे तलाव ही वेगळीच चीज आहे. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, १.२ मीटर पाण्याचा भार १,२०० किलो. म्हणून ‘गच्चीवर छोटासा तलाव करून घेऊ’ हे काम मजला बांधून झाल्यावर करायचं नसतं. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हजारेक किलोमीटर दूर बँकॉकमध्ये गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावरच्या तलावांतून पाणी धबधब्यासारखं खाली कोसळताना लोकांनी टिपलं. बारा मीटर लांब तलावातलं पाणी एकदा हेलकावलं की एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत यायला सुमारे सात सेकंद घेतं. दूरच्या भूकंपाच्या लाटांपैकी तिथवर टिकतात त्या नेमक्या अशाच संथ, लांब लाटा.

आणि पावसाळा. जूनमध्ये सोसायटी तलाव बंद करते, तेव्हा कुणीतरी सुचवतं, की रिकामाच करून टाका ना, कटकट मिटेल. जमिनीतल्या तलावाच्या बाबतीत हा सगळ्यात महागडा सल्ला ठरू शकतो. आपल्या तलावाचा तळ ७२ चौरस मीटरचा. तळ आणि भिंती २० सेंटीमीटर काँक्रीटच्या धरल्या, तर सांगाड्याचं वजन भरतं साठ-पासष्ट टन. पावसाने भूजल चढून तळाच्या खालच्या पातळीपासून फक्त एक मीटर वर आलं, तर ते रिकाम्या तलावाला ७२ टनांच्या जोराने वर ढकलतं. आर्किमिडीजला काँक्रीट आणि लाकूड यांत फरक दिसत नाही. रिकामा तलाव नावेसारखा वर येऊ लागतो, पाइप तुटतात, फरशा उखडतात. पाणी भरलेलं असेल तर त्याचं ८६ टन वजन वरून दाबून धरतं. काही तलावांच्या तळाशी यासाठी एक झडप बसवलेली असते. बाहेरचा दाब वाढला की ती उघडून भूजलाला आत घेते, म्हणजे तलाव स्वतःच स्वतःला भरून वाचवतो.

तेव्हा पावसाळाभर तलाव भरलेला ठेवायचा. पण भरलेलं, थांबलेलं, क्लोरीन नसलेलं पाणी म्हणजे डासांचं माहेर. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. घरातल्या पिंपांसाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळता येतो, ८६ हजार लिटरला कसला कोरडा दिवस? त्यामुळे कुणीही पोहत नसताना मोटार चालत राहते, हायपो पडत राहतो. दोन हॉर्सपॉवरची मोटार रोज आठ तास चालली तर दिवसाला बारा युनिट, महिन्याला ३६०. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘बंद तलावाचं लाइट बिल कसलं?’ असं विचारणारा सभासद निघतोच निघतो. त्याला भूजल, डास आणि आर्किमिडीज समजावून सांगायचा, की ‘पुढचा विषय’ म्हणायचं, हे खाली आलेले बटाटेवडे किती गार झालेत त्यावर ठरतं.